अजरख : प्रतीकाच्या आधीची ओढणी

आपल्या साहित्यात ओढणी वारंवार येते. कधी ती हया होऊन येते, कधी बंधन होऊन, तर कधी बंड होऊन. मजाजच्या 'नौजवान खातून से' या नज्मेत आंचलाचा परचम करण्याचे आवाहन आहे. मुशायऱ्यात या कल्पनेला आजही दाद मिळते. पण या साऱ्या ओढण्यांत एक उणीव मला जाणवते. त्या कोणत्या कापडाच्या आहेत, त्यांचा रंग कोणता, तो कोणी चढवला, याचा पत्ता लागत नाही. ओढणी प्रतीक झाली आणि कापड हरवले.

हे माझ्या लक्षात आले ते वर्गात. आठवीच्या मुलींना ओढणीवर मजमून लिहायला दिला होता. बहुतेकींनी मर्यादेवर लिहिले. पुस्तकी आणि एकसारखे. एकीने मात्र लिहिले की, रोह्याच्या बाजारातून घेतलेली अजरखची ओढणी पहिल्याच धुण्यात पांढऱ्या कुर्त्याला लागली. ती अस्सल होती की नकली, असा तिचा सवाल होता. आमच्या धाटावला रसायनांचे कारखाने आहेत; रंग हाताला लागतो म्हणजे काय, हे इथल्या मुलांना सांगावे लागत नाही. मला तोच मजमून साहित्याच्या अधिक जवळचा वाटला.

तिच्या सवालाचे उत्तर सोपे नाही. रंग गेला म्हणून कापड नकली ठरत नाही. अस्सल निळीचाही थोडा रंग सुरुवातीला हाताला लागतो. खरा फरक करणीत आहे. कच्छमधील धमडका आणि अजरखपूर येथील मुस्लिम खत्री कारागीर हे सुती कापड आधी धुऊन, तेल-सोड्यात मुरवून हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. हा हिरडा आपल्या सह्याद्रीतही होतो. मग लाकडी ठशाने चुना आणि डिंक यांचा लेप छापतात. तो जिथे बसतो तिथे पांढरी रेघ राहते. गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग मिळतो. लाल रंगासाठी छापतात ती तुरटी. छापताना तिथे लाल नसतोच. निळीच्या कुंडातून कापड निघाल्यावर, शेवटी मंजिष्ठ किंवा अलिझरिनच्या उकळत्या पाण्यात तो उमटतो. म्हणजे जो रंग अजून दिसत नाही त्याची जागा कारागीर आधीच राखून ठेवतो. 'बिपुरी' प्रकारात तर दोन्ही बाजूंना ठसे अचूक जुळवतात. त्यात उलटी बाजू नसतेच.

आता प्रतीकाकडे वळू. अजरख ही मुळात स्त्रीची ओढणी नव्हे. कच्छ-सिंधच्या मुस्लिम मालधारी पुरुषांचे ते खांद्यावरचे वस्त्र, पागोटे आणि तहमद. आज जे कापड मुलीच्या डोक्यावर पाहून आपण हया किंवा जुलूम यांवर भाष्य करतो, ते कालपर्यंत गुराख्याच्या खांद्यावर होते. कापडाचा इतिहास ठाऊक असता तर आपली प्रतीके इतकी ठोकळेबाज झाली नसती. त्याच्या नावाचे नाते अरबी 'अजरक', म्हणजे निळा, या शब्दाशी जोडले जाते; लोक 'आज रख' अशीही व्युत्पत्ती सांगतात. उर्दू जाणणाऱ्या आपल्या लेखकांना तरी हा शब्द खुणावायला हवा होता.

मात्र दुसरे टोकही टाळले पाहिजे. 'नैसर्गिक ते पवित्र, रासायनिक ते भ्रष्ट' ही भाबडी समजूत आहे. मंजिष्ठाच्या मुळातले अलिझरिन 1869 पासून प्रयोगशाळेत तयार होऊ लागले. कृत्रिम नीळ 1897 मध्ये बाजारात आली. कच्छच्या कारागिरांनीही रासायनिक रंग वापरले. 1970 च्या दशकात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी नैसर्गिक रंगांची पद्धत पुन्हा उभी केली. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यात लोह वाढले आणि रंग बिघडू लागले. अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवले. पाण्यासाठी गाव बदलणाऱ्या या हुनरमंदांची गोष्ट कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या आम्हाला परकी वाटू नये. पण ती आपल्या मराठी कथेत मला कुठे भेटली नाही.

2003 मध्ये इस्माईल मोहम्मद खत्री यांना लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. 2024 मध्ये कच्छ अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाईल. कापड पाहण्याची नजर मात्र लेखकालाच कमवावी लागेल. आमच्याच कौमचा हुनर परदेशी विद्यापीठाने वाचला आणि आम्ही त्यावर फक्त शेर म्हटले, हा ठपका आपण स्वतःवर घेतला पाहिजे.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की, ओढणी उलटून पाहा. बाजारातल्या यंत्रछापाची मागची बाजू फिकी होती. पुढच्या वेळी वर्गाला विषय तोच दिला, पण अट घातली : आधी ओढणीच्या दोन्ही बाजू पाहा, मग लिहा. हीच अट आपल्या कवींना आणि समीक्षकांनाही लागू आहे.