परिभाषा आणि वाक्य

तांत्रिक लेखनाच्या गुणवत्तेचा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा एकाच ठिकाणी येऊन अडते : पारिभाषिक शब्द संस्कृतोद्भव असावा, की रूढ इंग्रजी शब्दच ठेवावा? या वादाची परंपरा जुनी आहे. शिवकालीन राजव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; १९६० मध्ये महाराष्ट्रात भाषा संचालनालय व १९६१ मध्ये केंद्रात वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग स्थापन झाला. या कोशकार्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु कोशातील शब्दाची परीक्षा अखेर वाक्यात होते, आणि त्या वाक्यांकडे आपली समीक्षा क्वचितच वळते.

बंगळूरजवळच्या आनेकल तालुक्याचे उदाहरण घ्यावे. तेथील बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या औद्योगिक वसाहतींत अनेक भाषांचे कामगार एकत्र येतात. अशा ठिकाणी कॉम्प्रेसरची सूचनापुस्तिका मराठी कारागिराच्या हाती पडली, आणि तीत एकाच भागाला आरंभी 'झडप', पुढे 'व्हॉल्व्ह' व शेवटी 'नियंत्रक' म्हटले असेल, तर त्याने यंत्रात तीन भाग शोधावयाचे काय? पुनरुक्ती टाळण्याचा संस्कार आपल्यावर शाळेपासून झालेला असतो. ललित लेखनात तो शोभतो. तांत्रिक लेखनात मात्र पुनरुक्ती हाच गुण, आणि पर्यायशब्द हा दोष ठरतो.

म्हणून परिभाषा सरसकट टाकाऊ ठरत नाही. व्यवहारात आपण 'वजन' आणि 'वेग' हे शब्द सैलपणे वापरतो. भौतिकशास्त्राला वजनाहून वस्तुमान व वेगाहून चाल वेगळी करावी लागते. वेगाला दिशा असते, चालीला नसते. जेथे नवा शब्द असा भेद दाखवितो, तेथे त्याची क्लिष्टता सोसलीच पाहिजे. जेथे 'झडप' हा रुळलेला शब्द काम भागवितो, तेथे नवा शब्द निव्वळ भार होय.

आता वाक्याकडे वळू. 'दाब कमी केल्यानंतर झाकण काढले जावे' या सूचनेत दाब किती कमी व्हावा, तो कसा ओळखावा, याचा पत्ताच नाही. 'दाबमापकाचा काटा शून्यावर येईपर्यंत झाकण उघडू नये' असे लिहिले तर वाचणाऱ्याचा हात वाचतो. दोन्ही वाक्यांतील शब्द सारखेच शुद्ध आहेत. दुसऱ्यात लेखकाने वाचकाची जबाबदारी पत्करली आहे, एवढाच फरक. तांत्रिक गद्याच्या समीक्षकाने शब्दाचे कुळ जरूर विचारावे. पण त्याआधी हा फरक पारखावा.