ताडासन, अवघडपणा १

पवईतल्या एका योगवर्गात पहिल्याच दिवशी माझं कौतुक झालं. पुढे वाकले तर तळवे सरळ जमिनीला टेकले. ‘किती लवचिक आहेस गं!’ त्या रात्री कंबर इतकी दुखली की कूस बदलता येईना.

माझे सांधे सैल आहेत. गुडघे मागे जातात, अंगठा मनगटापाशी वाकून हाताला टेकतो. डॉक्टरांच्या बायटन चाचणीत नवापैकी सात गुण मिळाले. (जास्त गुण मिळून वाईट वाटलं, असं एकदाच झालंय.) सैल सांधे असलेल्या सगळ्यांनाच दुखतं असं नाही. पण हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध ढिले असले की सांधा जागेवर धरायचं काम स्नायूंवर पडतं. ते थकतात, आखडतात, ठणकतात.

हे असं शरीर घेऊन मी बी. के. एस. अय्यंगारांची ‘योगदीपिका’ वाचायला घेतली. मूळ इंग्रजी पुस्तक १९६६चं. त्यात प्रत्येक आसनापुढे अवघडपणाचा आकडा आहे. ताडासन, म्हणजे नुसतं सरळ उभं राहणं, १. उभ्याने मागे वाकून घोटे धरायचे ते तिर्यंगमुखोत्तानासन ६०. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी खंगलेल्या, ताठ अंगाच्या मुलाने चढलेली ही शिडी आहे. ती आखडलेपणाकडून लवचिकतेकडे जाणार, हे ओघानेच आलं. माझ्यासाठी मात्र ती उलटी टांगलेली आहे. वरच्या काही पायऱ्यांवर मी फुकटात पोचते आणि खालचीवर उभं राहता येत नाही. ताडासनात गुडघे घट्ट करा म्हटलं की माझे मागे जाऊन कुलूप लागल्यासारखे अडकतात.

माझी तक्रार शब्दांपेक्षा छायाचित्रांबद्दल आहे. ती सहाशेच्या आसपास आहेत, थक्क करणारी आहेत, आणि बरीचशी शेवटची स्थिती मिरवतात. मजकूर बारकाईने वाचला तर तो वेगळंच सांगतो: वजन तळपायावर कसं वाटायचं, कुठे आवळायचं, काय उचलून धरायचं. सैल शरीराला नेमकं हेच लागतं. पण मोबाईलवर फिरतात ते फोटो. वर्गातही तेच डोळ्यांपुढे असतात, म्हणून माझ्या टेकलेल्या तळव्यांवर टाळ्या पडल्या आणि मागे गेलेले गुडघे कुणालाच दिसले नाहीत.

आता मी फोटो हाताने झाकून वाचते. सध्या पहिल्याच आसनावर आहे. गुडघे केसभर वाकवून, भिंतीला पाठ लावून, दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरतात.