‘ए’ लाल का? पाच भाषांचं उत्तर आणि उरलेला प्रश्न

सिनेस्थेशिया असलेल्या काही जणांना प्रत्येक अक्षराला ठरावीक रंग जाणवतो. इंग्रजी वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा ‘ए’ लाल असतो. का बरं? आकारामुळे, उच्चारामुळे, ‘ॲपल’मुळे, की ते पहिलं अक्षर म्हणून? नुसती इंग्रजी घेतली तर ही चारही कारणं एकाच अक्षरात अडकलेली. कितीही माणसं तपासा, गुंता सुटत नाही.

म्हणूनच निकोलस रूट आणि सहकाऱ्यांचा २०१८चा पेपर वाचा. त्यांनी इंग्रजीसोबत डच, स्पॅनिश, जपानी आणि कोरियन घेतली. कोरियन वर्णमाला ‘ग’सारख्या व्यंजनाने सुरू होते. आकार वेगळा, उच्चार वेगळा; तरी पहिलं अक्षर लाल असण्याकडेच कल. म्हणजे क्रमाचं पारडं जड.

पण लगेच मान डोलावू नका. पाच भाषा म्हणजे पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत. तिघींची लिपी रोमनच. जपानी आणि कोरियन मुलंही शाळेत इंग्रजी शिकतात. लाल रंग तिथून आला नसेल कशावरून? शिवाय ‘पहिलं’ म्हणजे नेमकं कोणतं? देवनागरीत स्वरांमध्ये ‘अ’ पहिला, व्यंजनांमध्ये ‘क’. मग लाल कोण? हा प्रश्न विचारायची सोय आपल्या मुळाक्षरांतच आहे.

तेव्हा प्रस्तावात ‘विविध संस्कृतींतील नमुना’ असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा: ही भाषा घेतल्याने कोणतं कारण बाद होऊ शकेल? उत्तर सुचत नसेल, तर नमुना फक्त मोठा झालाय, अभ्यास नाही.