इमानी कुत्रा नावाची गोष्ट

मराठीत कुत्र्याची गोष्ट सुरू झाली की तिचा शेवट आपल्याला आधीच माहीत असतो. मालक जातो, कुत्रा अन्नपाणी सोडतो आणि आपण डोळे पुसतो. ‘इमानी’ हे विशेषण कुत्र्याला इतकं चिकटलंय की त्याचा अर्थ काय, हे कुणी विचारतच नाही. मला ते विचारायचंय. गेली तीन वर्षं मी अशा कुत्र्यासोबत राहतोय जो या गोष्टीत बसत नाही, आणि त्याच्यामुळे या गोष्टी मला वेगळ्या दिसायला लागल्यात.

सगळ्यांत मोठी गोष्ट रायगडावरची. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणारा वाघ्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकामुळे घराघरांत पोचला. १९३६मध्ये गडावर त्याचा पुतळा उभा राहिला. २०१२मध्ये तो हटवला गेला, पुन्हा बसवला गेला, आणि वाद काही मिटला नाही. तो वाद इतिहासाचा आहे: समकालीन साधनांत या कुत्र्याचा पुरावा मिळत नाही, असं अनेक अभ्यासक सांगतात. माझा मुद्दा त्याहून साधा आहे. ही फक्त कथा आहे असं धरून वाचू. कथेतला कुत्रा करतो काय? मालक गेल्यावर स्वतःला संपवतो. मालकाशिवाय त्याच्या जगण्याला दुसरं कामच नाही. ही कल्पना दरबारात सुचू शकते, मेंढवाड्यावर नाही. मेंढपाळाच्या कुत्र्यानं मालकामागे आगीत उडी टाकली, तर त्या रात्री मेंढ्या लांडग्याच्या.

मेंढवाड्यावरचा कुत्रा आमच्याकडे खानदेशात अजून दिसतो. दिवाळीनंतर धुळे-जळगावच्या रस्त्यांवरून ठेलारींचे कळप निघतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, मागे मेंढ्या आणि कडेनं दोन-चार थोराड कुत्री. एखाद्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या की रात्री माणसं झोपतात आणि कुत्री कामाला लागतात. त्यांच्या जातीला नोंदणी नाही, कागद नाहीत. आमचा ढाण्या अशाच एका वाड्यावरून आला. मी जळगावात वाढलो, पण घरून काम करायला मिळाल्यापासून साक्री तालुक्यातल्या आमच्या मळ्यात राहतो. तिथे पंधरा-वीस शेळ्या आहेत. ढाण्या दोन महिन्यांचा होता तेव्हापासून त्यांच्याच गोठ्यात झोपत आला.

‘ये’ म्हटलं की ढाण्या आधी नाल्याकडे बघतो. तिकडे काही हलत नसेल, तर येतो. हलत असेल, तर येत नाही. शहरातल्या एका प्रशिक्षकानं त्याला पाहून ‘हट्टी’ असा शेरा दिला आणि ‘मालक कोण ते दाखवा’ असा सल्ला दिला. माझे आबा अहिराणीत एवढंच म्हणाले, “त्याले सांगनं नही पडस, त्याले समजस.” मला दोघांची वाक्यं म्हणजे एकाच संहितेची दोन वाचनं वाटली. प्रशिक्षक ढाण्याचं वागणं माझ्या हुकमावरून वाचत होता, आबा त्याच्या कामावरून.

प्रशिक्षकाच्या वाचनाला जगभर मान आहे. स्टॅनली कोरेन यांनी १९९४च्या ‘द इंटेलिजन्स ऑफ डॉग्ज’मध्ये जातींची क्रमवारी लावली, ती शिस्तीच्या स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून. पहिला बॉर्डर कोली, शेवटचा अफगाण हाउंड. पहिल्या हुकमाला किती वेळा ऐकतो, हा तिथला मोठा निकष. मी दिवसभर सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहितो, त्यामुळे एक गोष्ट पक्की माहीत आहे: चाचणी जे विचारते त्याचंच उत्तर मिळतं. बॉर्डर कोली मेंढ्या हाकतो, आणि मेंढपाळ त्याला शिट्टीनं सांगत असतो. राखणीचा कुत्रा मेंढपाळ झोपल्यावर काम करतो. तिथे शिट्टी वाजवायला कुणी नसतं. अमेरिकेत रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी राखणीच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांनी तीन गुण मोजले: कळपाकडे लक्ष, कळपाशी भरवशाचं वागणं आणि संरक्षण. आज्ञापालन त्या यादीत नाही.

असा कुत्रा आपल्या साहित्यात कुठे आहे? पुलंच्या ‘हसवणूक’मधल्या ‘पाळीव प्राणी’त नाही. तिथला विनोद कौतुक करणारा मालक आणि घाबरलेला पाहुणा यांच्यातला आहे, आणि तो विनोद अजूनही फर्मास आहे. पण तिथल्या कुत्र्यांना काम नाही. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा थोर खरा, पण त्या कथेत परीक्षा माणसाची आहे. कुत्रा नुसता मागे चालतो आणि शेवटी धर्म होऊन कुत्रेपणातूनच मोकळा होतो.

मला तो सापडला ऋग्वेदात, दहाव्या मंडलाच्या १०८व्या सूक्तात. पणींनी गाई लपवल्यात. इंद्राची दूती सरमा रसा नदी ओलांडून एकटी त्यांच्यापर्यंत पोचते. पणी आधी धमकावतात, मग लालूच दाखवतात: आमची बहीण हो, गाईंतला वाटा घे. ती नाकारते. इंद्र तिथे हजर नाही, हुकूम द्यायला कुणी नाही. निर्णय तिचा आहे. हा सगळा संवाद आहे, म्हणजे तिला स्वतःचा आवाजही आहे. आणि मग पुढच्या परंपरेनं काय केलं पाहा. ‘बृहद्देवते’त हीच सरमा पणींचं दूध पिते, इंद्राशी खोटं बोलते आणि लाथ खाते. एकटीनं निर्णय घेणारी कुत्री कथाकारांना फार काळ सोसवली नाही, असं मी याचं वाचन करतो. महाभारताच्या आदिपर्वात मात्र ती पुन्हा भेटते. जनमेजयाच्या भावांनी तिच्या पिल्लाला विनाकारण मारलेलं असतं, आणि ती यज्ञात येऊन जाब विचारते: त्याचा अपराध काय? उत्तर मिळत नाही, तेव्हा शाप देते.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १२ मार्च २०२४ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र लिहून तेवीस ‘हिंस्र’ जातींवर बंदी घालायला सांगितलं. त्या यादीत पिटबुल होता, आणि त्याच ओळीत कांगल, अकबाश, शार्प्लानिनाक, टॉर्न्याक हे मेंढ्या राखणारे कुत्रेही होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. पण पत्रकातली भाषा लोकांच्या तोंडी राहिली. आमच्याकडे येणारे दूधवाले ढाण्याला पाहून अजून विचारतात, “हा बंदीवाला आहे का?” चावण्याच्या घटना खऱ्या आहेत, लोकांची भीतीही खरी आहे. पण जो शब्द झुंजीच्या आणि राखणीच्या कुत्र्यात फरक करत नाही, तो कुणाचंच रक्षण करत नाही.

आणि राखणीच्या कुत्र्याचा स्वभाव ही चावण्याची सबब नाही. निर्णय त्याचा असला तरी तो कुठे घ्यायचा, ती हद्द माणसानं आखायची असते. मळ्याला पाच फुटी जाळी आहे. फाटकावर पाहुणा आला की मी आधी बाहेर जातो, त्याच्याशी बोलतो, मग आत आणतो. ढाण्या तेवढा वेळ बघतो आणि सोडून देतो. रात्री भुंकला तर मी ओरडत नाही. बॅटरी घेऊन जातो, तो बघतोय तिकडे बघतो, ‘पाहिलं’ म्हणतो, आणि तो गप्प होतो. प्रशिक्षण म्हणावं तर हे एवढंच, पण ते रोज करावं लागतं. त्याला जळगावातल्या दोन खोल्यांत, मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत बांधून ठेवलं तर तो भिंतींवर भुंकेल, आणि तिथे चूक त्याची नसेल. हिमालयातले केसाळ मास्टिफ रीलसाठी विकत घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

इमान या शब्दावर आपला सगळा भर ‘कुणाशी’ यावर राहिला. मालकाशी, धन्याशी, राजाशी. नोकरीच्या मुलाखतीतही निष्ठा विचारतात ती अशीच. सरमेचं इमान मात्र तिच्यावर सोपवलेल्या गाईंशी होतं, वाड्यावरच्या कुत्र्यांचं मेंढ्यांशी असतं. जो दुबळा आहे, जो झोपलाय, जो ‘शाबास’ म्हणणार नाही, त्याच्यासाठी अंधारात जागं राहणं हेही इमानच. वाघ्याच्या पुतळ्यावर आपण नव्वद वर्षं बोलतोय. ठेलारींच्या कुत्र्यांवर एक धड कथा मराठीत यायला हवी, आणि तिच्या शेवटी कुत्रा जिवंत हवा, कारण सकाळी कळप पुढच्या शेतात न्यायचा असतो.