एका डोंगराची दोन नावे

नाशिकहून मुंबईकडे जाताना महामार्गालगत जो डोंगर लागतो, त्यातल्या लेण्यांना गावात पांडवलेणी म्हणतात. लेणी चोवीस. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंसाठी ती कोरायला घेतली गेली आणि शिलालेखांत डोंगराचे नाव येते ते त्रिरश्मी. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. गेलेल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणगान ही आई प्राकृतात करते. पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा होता, असे ती म्हणते. त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला हेही अभिमानाने नोंदवते आणि लेणे दान करते ते भिक्खुसंघाला. पांडवांचा या लेखाशी संबंध येतो तो एवढ्या उपमेपुरता.

उत्तरआधुनिकता म्हणजे काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आधी या लेखासमोर उभे करावे, असे मला फार वाटते. आधुनिक अभ्यासक इथे काय करील? ब्राह्मी लिपी वाचील, काळ ठरवील, पांडवांची दंतकथा बाजूला सारील आणि खरे काय ते सांगून थांबेल. हे काम मोठेच आहे, त्याच्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही. पण उत्तरआधुनिक दृष्टीच्या समाजशास्त्रज्ञाचे प्रश्न तिथून सुरू होतात. हा लेख कोणाच्या कानावर पडावा म्हणून कोरला? आईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजाने वर्णसंकर थांबवल्याचे श्रेय कशासाठी मिरवले जाते, आणि तेही बौद्ध लेण्यात? छिन्नी चालवणाऱ्याचे नाव कुठे आहे? पुढे कधीतरी पांडवांचे नाव डोंगराला चिकटले, तेव्हा भिक्खूंचे विस्मरण कोणाच्या सोयीचे होते? आणि आज त्रिरश्मी हेच नाव लावा असा आग्रह धरणारी माणसे कोण आहेत? ज्ञान आणि सत्ता एकमेकांच्या आधाराने उभी राहतात, असे मिशेल फूको सांगत राहिला. इथे ते डोळ्यांनी दिसते. डोंगराचे नाव ठरवणे म्हणजे त्याच्यावरचा हक्क ठरवणे.

या विचाराला नाव मिळवून देणारे पुस्तक १९७९ सालचे. क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ मंडळासाठी जाँ-फ्रान्स्वा ल्योतार याने संगणकयुगातील ज्ञानाच्या अवस्थेवर अहवाल लिहिला. प्रगती, मुक्ती, विज्ञानाचा विजय अशा सगळ्यांना सामावणाऱ्या महाकथनांवरचा विश्वास उडणे, ही त्याने केलेली व्याख्या आता पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली आहे. त्याच अहवालातला दुसरा मुद्दा आपण फारसा वाचत नाही. ज्ञान हा विकाऊ माल होईल, ते माणूस घडवण्यासाठी कमी आणि खरेदी-विक्रीसाठी जास्त निर्माण होईल, असे त्याने लिहिले होते. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन. ते ब्रीद आधुनिकतेच्या महाकथनातले आहे, आणि मला ते आजही प्रिय आहे. त्याच शहरात आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत ल्योतार चार ओळींच्या टिपणात भेटतो. त्याने वर्तवलेली गोष्ट त्याच्यावरच घडली आहे.

मराठीत या विचाराची स्थिती काय आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. तो आपल्याकडे आला साहित्यसमीक्षेच्या दाराने. मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांच्या ‘आधुनिक समीक्षा-सिद्धान्त’सारख्या पुस्तकाने पाश्चात्त्य सिद्धान्त शिस्तीने मांडले. ‘शब्दवेध’, ‘अभिधानंतर’ या नियतकालिकांभोवती नव्वदनंतरची कविता उभी राहिली. श्याम मनोहरांच्या कादंबऱ्यांवर चर्चा झडल्या. पण वाद बहुतेक शैलीचा राहिला: तुटक रचना, सरमिसळ भाषा, निवेदकाचा खेळ. समाजशास्त्राच्या अभ्यासात मात्र हा विषय सिद्धान्तांच्या पुस्तकातले शेवटचे प्रकरण होऊन राहिला. देरिदा, बोद्रिया, बाउमन ही नावे एका ओळीत येतात. पण त्यांच्याकडे असलेले प्रश्न आपल्या गल्लीतल्या एखाद्या घटनेला लावून पाहिलेले क्वचितच आढळतात.

परिभाषेनेही घोटाळा वाढवला. ‘उत्तर’ म्हटले की आधी जबाब आठवतो. बोद्रियाच्या ‘हायपररिअल’ या शब्दासाठी कोणी ‘अतिवास्तव’ लिहितो, पण तो शब्द आपण कित्येक वर्षे स्वप्नसृष्टीच्या चित्रकारांसाठी वापरत आलो आहोत. मला साधा ‘नंतर’ हा शब्द बरा वाटतो. नाशिकच्या अरुण काळे यांच्या कवितासंग्रहाचे नावच ‘नंतर आलेले लोक’ आहे. जागतिकीकरण दलित कष्टकऱ्याच्या घरात शिरते तेव्हा काय होते, याची समज त्या कवितेत आहे. समाजशास्त्राच्या वर्गात ती वाचली जायला हवी.

पण कशाच्या नंतर? बोद्रिया म्हणतो, आता चिन्हामागे वास्तव उरले नाही, प्रतिमाच खरी झाली. लेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने १९१७ साली ‘लंका दहन’ काढला. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके या एकाच नटाने केले, आणि पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतले जोडे काढत असे सांगतात. यंत्र अगदी नवे, कथा पुराणातली, भक्ती खरी, आणि प्रतिमा मुळाइतकीच पूज्य. पाश्चात्त्यांनी आधुनिकतेनंतरची म्हणून दाखवलेली लक्षणे इथे आधुनिकतेच्या पहिल्याच पावलाबरोबर आली. त्यामुळे आधी आधुनिक, मग उत्तरआधुनिक ही पायरी आपल्या समाजाला जशीच्या तशी लावता येत नाही.

चिन्हे अधांतरी तरंगतात हेही पुरते पटत नाही. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८पासून नोटा छापल्या जातात. कागदाला किंमत येते ती चिन्हामुळे, इथपर्यंत बोद्रिया बरोबर. पण ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा एका घोषणेने रद्द झाल्या, तेव्हा चिन्हामागे राज्यसत्ता किती घट्ट उभी असते ते बाजार समितीतल्या हमालालाही कळले.

सगळ्यांत अवघड प्रश्न पंचवटीत आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला. दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. या माणसांना समतेच्या महाकथनाविषयी अविश्वास नव्हता. ते महाकथन आपल्यालाही लागू करा, एवढेच त्यांचे मागणे होते. सगळी कथने सारखीच, असे त्यांना कोणी सांगितले असते तर दार बंद करणाऱ्याचे कथनही तेवढेच ग्राह्य ठरले असते. इथे मी उत्तरआधुनिकांची साथ सोडतो. जर्मन विचारवंत हाबरमासने १९८०मध्ये आधुनिकतेला अपुरा राहिलेला प्रकल्प म्हटले. विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मधल्या, १९६३च्या कथा वाचताना तो अपुरेपणा अंगावर येतो.

मग ही दृष्टी टाकून द्यायची का? नाही, आणि याचे सर्वांत भक्कम उत्तर पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दिले आहे. १९९८ साली त्यांनी स्त्रीवादातल्या ‘भिन्नत्वा’च्या भाषेची चिकित्सा केली. प्रत्येकीचा अनुभव वेगळा, असे म्हणून थांबले की सत्तेचा प्रश्न निसटतो आणि दलित स्त्रियांचे प्रश्न फक्त दलित स्त्रियांच्या अंगावर टाकून बाकीच्या मोकळ्या होतात. दलित स्त्रीच्या जागेवरून जात आणि पितृसत्ता एकत्र दिसते, म्हणून तिथून सगळ्यांनीच पाहायला शिकावे, अशी त्यांची भूमिका होती. लहान कथनांचे मोल त्या जाणत होत्या. दलित स्त्रियांची आत्मकथने त्यांनी साक्ष म्हणून वाचली. पण साक्ष कोणत्या तरी न्यायासाठी असते, हे त्यांनी नजरेआड होऊ दिले नाही. ल्योतारच्या जोडीला रेगे वाचल्या नाहीत, तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हा विषय अर्धाच कळेल.

त्यांच्याही आधी, १९८९मध्ये, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून लिहिलेले हे पुस्तक. नाशिकच्या सत्याग्रहात स्त्रियाही होत्या, पण इतिहास सांगताना बहुतेक वेळा पुरुष नेत्यांचीच नावे घेतली जात. पवार आणि मून यांनी मोठ्या कथनाला मोडीत काढले नाही, त्यात गाळलेली माणसे परत आणून बसवली. सिद्धान्ताचा एकही फ्रेंच शब्द न वापरता केलेले हे काम आहे. तसे काम त्रिरश्मीच्या पायथ्याच्या वस्त्यांत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, लासलगावच्या कांदा खळ्यांवर निवड करणाऱ्या बायांमध्ये अजून व्हायचे आहे, आणि ते मराठीतच व्हायला हवे, कारण त्या बाया मराठीत बोलतात.