लोकनृत्याचे स्थलांतर : जाखडी आणि झाकरी

लोकनृत्याच्या ‘परदेशी प्रसारा’विषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात प्रसार हीच यशाची खूण मानण्याची प्रवृत्ती आढळते. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम दक्षिण इटलीतील तारांतेल्ला घेऊ. तारांतो या नगराच्या नावाशी या नृत्याचे आणि ‘तारांतुला’ या कोळ्याचेही नाव जोडलेले आहे. कोळ्याच्या दंशाने जडते असे मानलेली व्याधी संगीत व नृत्य यांनी उतरविण्याचा विधी त्या प्रदेशात होता. एर्नेस्तो दे मार्तिनो यांनी १९५९ साली सालेंतो भागात त्याचा प्रत्यक्ष अभ्यास केला. परंतु युरोपच्या संगीतसभांत पोहोचली ती केवळ द्रुत लय. शोपँने १८४१ साली पियानोसाठी तारांतेल्ला रचली, तीत ना रोगी होता, ना विधी.

कोकणातील जाखडीचा प्रवास याहून निराळा आहे. १८३४ पासून करारबद्ध हिंदी मजूर मॉरिशसला जाऊ लागले. पुढे त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्यासमवेत गेलेली जाखडी तेथे ‘झाकरी’ झाली. हा बदल ध्वनिदृष्ट्या सहज उलगडतो : ‘ख’मधील महाप्राणत्व आरंभीच्या ‘ज’कडे सरकले आणि ‘ड’चा ‘र’ झाला. ग्रंथातून उचललेले नाव असे झिजत नाही. नाव तोंडी वापरात राहिल्याची ही खूण होय. गणेशोत्सवाशी असलेले नृत्याचे नातेही तुटले नाही. मात्र घरातील बोली बहुतांशी क्रिओल झाल्याने गीतांचा अर्थ आता शाळेतील मराठीच्या आधारे लावावा लागतो. जाखडी टिकली ती प्रयोजनामुळे. तिला धोका आहे तो शब्दाच्या बाजूने.

हा विचार वऱ्हाडाला दूरचा नाही. मेळघाटातील कोरकूंचे ‘गदली-सुसुन’ अमरावती-अकोल्याच्या रंगमंचावर येते, तेव्हा त्याचेही एक स्थलांतरच होत असते. ‘सुसुन’ म्हणजे नृत्य. हाच शब्द छोटा नागपुरातील मुंडारीतही आहे. शेकडो मैलांचे भाषिक नाते हा एक शब्द सांगतो. असे असता आमच्या विद्यार्थ्यांच्या संकलनांत पदन्यास व वेशभूषा यांची वर्णने पानेच्या पाने असतात. गीताची मूळ कोरकू संहिता क्वचितच असते. नृत्य रंगमंचावर आले म्हणून ते वाचले, असे समजणे हा भ्रम होय. संकलकाने प्रथम गीत उतरवून घ्यावे, ते कोणत्या प्रसंगी म्हटले जाते ते विचारावे आणि मग पावले मोजावीत.