घड्याळाशेजारचा कोनाडा

सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू म्हटलं की स्पीड, फीचर्स आणि पाचापैकी किती तारे एवढंच आपल्याला सुचतं. मला इथे एका चेकबॉक्सचा रिव्ह्यू लिहायचा आहे. थंडरबर्ड या मोफत ईमेल प्रोग्रामच्या सेटिंग्जमध्ये तो आहे. मिनिमाइझ केल्यावर थंडरबर्डला ट्रेमध्ये पाठवा, एवढंच तो सांगतो.

तुम्ही हे बहुतेक फोनवर वाचत असाल, म्हणून ट्रे म्हणजे काय ते आधी सांगतो. विंडोजच्या स्क्रीनवर उजवीकडे खाली घड्याळ असतं. त्याच्या शेजारी आवाज, नेट, बॅटरी अशी बारीक चिन्हं असतात. ती जागा म्हणजे सिस्टीम ट्रे. १९९५ सालच्या विंडोज ९५पासून ती तिथे आहे. मायक्रोसॉफ्टच्या कागदोपत्री तिचं नाव 'नोटिफिकेशन एरिया', पण लोकांनी ट्रे म्हणायचं ठरवलं आणि तेच टिकलं. चहाच्या ट्रेशी तिचा काही संबंध लावता येत नाही. मला विचाराल तर तो जुन्या घरातल्या भिंतीतला कोनाडा आहे. वस्तू तिथे ठेवली की वाटेत येत नाही, पण येता-जाता दिसत राहते.

थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४मध्ये आली. या कोनाड्यात जाऊन बसायची सोय मूळ प्रोग्राममध्ये यायला मात्र २०२०मधली ७८वी आवृत्ती उजाडली, आणि तीही फक्त विंडोजवर. मधली पंधरा वर्षं लोक फायरट्रेसारखी ॲड-ऑन्स बसवून काम भागवत होते. थंडरबर्ड बदलला की ॲड-ऑन मोडायचं, मग नवीन शोधायचं. एका चेकबॉक्ससाठी एवढी उठाठेव लोकांनी का केली, हा प्रश्न मला त्या फीचरपेक्षा जास्त रोचक वाटतो.

पहिलं कारण तांत्रिक आहे. डेस्कटॉपवर नवीन मेल आल्याचं कळायचं असेल, तर प्रोग्राम चालू असावा लागतो. आयमॅपमध्ये 'आयडल' नावाची सोय १९९७पासून आहे. प्रोग्राम सर्व्हरशी कनेक्शन उघडं ठेवतो आणि म्हणतो, मी बसलोय, काही आलं तर हाक मार. फार वेळ गप्प राहिलं तर सर्व्हर फोन ठेवून देईल, म्हणून निदान दर २९ मिनिटांनी ही विनंती नव्याने करावी, असं त्या नियमातच लिहिलंय. प्रोग्राम बंद केलात की ऐकणारं कुणी उरत नाही. म्हणजे चालू तर ठेवायचाय, पण दिवसभर टास्कबारवर त्याची पट्टी नकोय. या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे ट्रे.

फोनवर हे काम सहसा ॲप करत नाही. गुगल किंवा ॲपल सगळ्या ॲप्ससाठी मिळून एकच कनेक्शन उघडं ठेवतात आणि मेल आला की ॲपला उठवतात. बॅटरीच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण यात एक गोष्ट हातातून गेली. आत्ता कोण ऐकतंय आणि कोण नाही, हे स्क्रीनकडे बघून कळेनासं झालं.

इथे मला लिनक्सवरच्या नोम या डेस्कटॉपच्या मंडळींशी वाद घालावासा वाटतो. २०१७मध्ये ३.२६ आवृत्तीत त्यांनी जुना ट्रे काढूनच टाकला. काही सांगायचं असेल तर नोटिफिकेशन आहे की, आयकॉन कशाला, असा साधारण सूर होता. त्याच वर्षी उबुंटूने नोम स्वीकारला, पण ट्रेसारखे आयकॉन दाखवणारं एक्स्टेंशन स्वतःहून बसवूनच दिलं. माझ्या मते उबुंटूचं बरोबर होतं. नोटिफिकेशन घडून गेलेली गोष्ट सांगतं आणि निघून जातं. आयकॉन आत्ता काय चाललंय ते सांगतो. दारावरची बेल आणि खिडकीतला दिवा यांत जेवढा फरक आहे, तेवढा हा आहे.

हा फरक ऑफिसच्या मेलला लागू करून बघा. माझ्या एका जुन्या टीममध्ये रात्री साडेनऊच्या मेलवर सकाळी स्टँडअपला विचारणा व्हायची, "पाहिला नाहीस का रे?" लॅपटॉपवर मेल प्रोग्राम बंद केलेला असेल तर "बंद होता" हे खरं उत्तर होतं, आणि विचारणाऱ्यालाही ते पटायचं. फोनवर मेल आल्यापासून तसं म्हणायची सोय उरली नाही. फोनवरचा मेल बंद असतो, यावर कोण विश्वास ठेवेल?

म्हणूनच या चेकबॉक्समधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने × या बटणाला हात लावला नाही. मिनिमाइझ केलं तर कोनाड्यात, × दाबला तर बंद. डिस्कॉर्डसारख्या प्रोग्राममध्ये × दाबल्यावरही तो मुकाट्याने ट्रेमध्ये जाऊन बसतो. आपण दार लावून निघालो असं आपल्याला वाटतं, पण पाहुणा माजघरातच असतो. × दाबल्यावरही ट्रेमध्ये जायला हवं, असं म्हणणारे थंडरबर्डवालेही भरपूर आहेत. चुकून बंद होतो, ही त्यांची अडचण खरी आहे. तरी × ने खोटं बोलावं हा त्यावरचा उपाय मला पटत नाही.

दोष आहेतच. चेकबॉक्स सेटिंग्जच्या गर्दीत पुरलेला आहे. आणि मोठी गडबड विंडोजनेच केली आहे. विंडोज ७पासून नवे आयकॉन आपोआप एका छोट्या बाणाआड जातात. कोनाड्यात ठेवलेली वस्तू कुणी परस्पर माळ्यावर टाकावी तसं. मग थंडरबर्ड चालू आहे की नाही हे बघायला बाणावर क्लिक करावं लागतं, आणि तेवढं रोज कोण करतं? विंडोज ११मध्ये टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एकेका प्रोग्रामचा आयकॉन कायम बाहेर ठेवता येतो. चेकबॉक्सवर टिक करणार असाल तर त्याच बैठकीत हेही उरका. आणि शुक्रवारी संध्याकाळी खिडकी परत उघडून × दाबा.